एक काना

तीन आठवडे झाले, डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला बसले. झालं एवढंच की अंधेरीतल्या एका डबिंग स्टुडिओत, दुपारी साडेतीनच्या सुमारास, मी एका वाक्यातला काना काढून टाकला. वाक्य होतं, "साखर कशाला? मी गूळच घालतो." त्याचं झालं, "मी गूळच घालते." व्हिडिओ कॉलवर क्लायंटकडची मुलगी होती, मराठीच, तिने अगदी अदबीने विचारलं की मॅम ते 'घालतो' टायपो आहे का, बाई बोलतेय ना ती? आणि मी म्हणाले, हो हो, 'घालते' करू या. काचेपलीकडे उभ्या असलेल्या डबिंग आर्टिस्टने कागदावर पेनाने एक रेघ मारली, साउंड इंजिनियरने टेक लावला, पुढची लाइन.

टायपो नव्हता तो.

मी जाहिरातींचं मराठी लिहिते. बहुतेक वेळा स्क्रिप्ट हिंदीत येते, रोमनमध्ये टाइप केलेली, आणि मग तिचं मराठी, गुजराती, कन्नड, बांगला असं ज्याचं त्याचं करायला देतात. फिल्म एकदाच शूट होते, तिला मास्टर म्हणतात, त्यात ओठ हिंदी हलतात आणि त्या हिंदी ओठांत आपण आपलं मराठी बसवायचं. टीव्हीवर 'मिळवा दाट, मुलायम केस' आणि 'द्या आपल्या कपड्यांना नवी चमक' असलं जे कुणाच्याच घरात न बोललं जाणारं मराठी ऐकू येतं ना, ते बरंचसं इथून येतं. हिंदीत क्रियापद आधी होतं, नटीचे ओठ तेव्हा उघडलेत, म्हणून मराठीतही क्रियापद आधी पळत येतं. मी या 'मिळवा'शी बारा वर्षं भांडतेय. कधी जिंकते, बहुतेक वेळा हरते. पण आपण जिथून आलो तिथलं बोलणं कधीतरी जाहिरातीत जसंच्या तसं ऐकायला मिळावं असं फार वाटायचं, आणि यंदा जानेवारीत ती संधी आली. गुळाच्या बिस्किटांची जाहिरात होती, शूट कोल्हापूरजवळच्या गुऱ्हाळावर होतं, आणि प्रॉडक्शनला तिथल्या लोकांशी बोलणारं कुणीतरी हवं होतं. एरवी लिहिणाऱ्याला लोकेशनवर कुणी नेत नाही. माझं आजोळ कागल तालुक्यातलं, म्हणून मला गाडीत बसवलं.

रात्रभर प्रवास करून पहाटे किणीचा टोलनाका ओलांडला आणि उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या, दोन्ही बाजूंनी ऊस लोंबतोय, आपल्या गाडीच्या लाइटमध्ये एकदम अंगावर येणाऱ्या. युनिटमधले सगळे झोपलेले. मी काच थोडी खाली घेतली तर गार वाऱ्याबरोबर तो वास आला, पेटवलेल्या पाचटाचा, ओल्या मातीचा आणि कुठूनतरी लांबून उकळत्या रसाचा. लहानपणी दिवाळीनंतर आजोळी गेलं की हा वास यायचा. घशात काहीतरी दाटून आलं आणि मी काच बंद केली.

गुऱ्हाळ पन्हाळ्याच्या बाजूला, नदीच्या काठावरच्या एका गावात. पत्र्याची मोठी शेड, एका अंगाला चरक, तिथून पाइपातून रस येतो, आणि मधोमध जमिनीत बांधलेलं चुलवाण, त्यावर काईल, म्हणजे रस उकळायची पसरट कढई. ती केवढी ते फोटोत कळत नाही, आठ माणसं गोल उभी राहतील एवढी. खाली एक जण वाळलेली चिपाडं सारखी आत ढकलत असतो, म्हणजे ज्या उसाचा रस वर उकळतोय त्याचाच चोथा खाली जळत असतो, बाहेरून लाकूडफाटा लागत नाही. रस तापायला लागला की त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, मग मळी वर येते, काळपट हिरवी, दाट, ती झाऱ्याने काढत राहायची. मग रंग पालटत जातो. दोन-अडीच तास एक आधण चालतं. आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं त्या एका माणसावर येतं, गुळव्यावर. आमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला सगळे मामा म्हणत होते. मामा साठीचे असतील, दंडाला भाजल्याचे जुने डाग, बोलणं जवळजवळ नाही. ते काईलीच्या कडेला उभे राहून नुसते बुडबुडे बघत होते. मग एका पळीत थोडा पाक घेतला, गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळा केला, तो पाण्यातच वळला, आणि मग त्यांनी ती गोळी शेडच्या खांबावर मारली. टक्. त्या आवाजावर त्यांनी हात वर केला आणि चार जणांनी काईल उतरवली.

पुस्तकात लिहिलेलं असतं की गुळाचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवायचा. मामांकडे थर्मामीटर नव्हता, ते त्या टक् वर चालले होते.

आमच्या डायरेक्टरला तो क्षण फार आवडला आणि त्याने तो परत मागितला. मला मामांना सांगावं लागलं की परत करा. मामा म्हणाले, "परत म्हंजे उद्या सकाळी." कारण पाक एकदा वाफ्यात, म्हणजे गार करायच्या पसरट हौदात, ओतला की संपलं, घोटत घोटत तो बघता बघता घट्ट होतो, मग कापड अंथरून भरायचा की ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, तयार. आणि आमचं सगळं कामच 'परत'वर चालतं. शूटमध्ये काय काय असतं ते मी या वेळी पहिल्यांदा सलग बघितलं. तीस सेकंदांची फिल्म म्हणजे ७५० फ्रेम्स, त्यातला गूळ ओतण्याचा शॉट जेमतेम दोन सेकंदांचा, पण त्याला अख्खा दुसरा दिवस गेला. खरा पाक कॅमेऱ्यापुढे फार पटकन गोठत होता, धार तुटत होती, म्हणून फूड स्टायलिस्टने ग्लुकोज सिरपमध्ये रंग घालून दुसरा पाक बनवला, तो हवा तितका वेळ संथ पडत राहिला. वाफ पांढरी आणि सरळ वर जाणारी हवी होती, शेडमधली खरी वाफ वाऱ्याने कुठेही जात होती, म्हणून मशीन आणलं. मधमाश्या हाकलायला दोन पोरं ठेवली. गुऱ्हाळावर मधमाश्या असतातच, शेकड्याने, काईलीच्या काठावर, साच्यांवर, माणसांच्या हातांवर, तिथे कुणी त्यांना हटकतसुद्धा नाही. मी हे वाईट म्हणून सांगत नाहीये. ती मुलगी, स्टायलिस्ट, चार तास उन्हात वाकून त्या सिरपच्या धारेची जाडी जुळवत होती, तिचं कौशल्यही मामांइतकंच डोळ्यांतलं होतं, तीसुद्धा नुसतं बघून सांगायची की आता पातळ झालंय. मला दोघांबद्दल सारखाच आदर वाटला, आणि तरी काहीतरी टोचत राहिलं.

रंगाचं तर अजून वेगळं. कोल्हापूरचा गूळ मुख्यतः गुजरातच्या पेठेत जातो आणि तिथल्या व्यापाऱ्याला तो पिवळाधमक लागतो, त्यालाच दर. त्या पिवळेपणासाठी काही गुऱ्हाळांवर पावडरी मारतात, हे तिकडे सगळ्यांना माहीत असतं. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तरी रंगाचं हे दुखणं गेलं नाही. मात्र मुंबईच्या क्लायंटला गूळ हवा होता गडद तपकिरी, कारण शहरातल्या माणसाला आता तपकिरी म्हणजे केमिकल नसलेलं, आजीच्या हातचं असं वाटतं. मामांचा गूळ दोन्हीच्या मधला होता, मधाच्या रंगाचा, बिनपावडरीचा. पेठेत नेला तर काळा म्हणून दर पाडणार, आणि आमच्या मॉनिटरवर तो फिका दिसत होता. शेवटी ग्रेडिंगच्या वेळी, म्हणजे फिल्मचे रंग जुळवताना, एका माणसाने बटण फिरवून तो तपकिरी केला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली तेव्हापासून हा गूळ कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांना आवडेल असा होत आलाय, मामांना काय आवडतं हे कुणी विचारलंय का कोण जाणे. मी विचारलं. मामांनी बोटाने मधल्या रव्याकडे दाखवलं, "ह्यो."

आता आक्कांबद्दल.

आक्का म्हणजे त्या गुऱ्हाळाच्या मालकीणबाई, पण मालकीण म्हणून बसून राहणाऱ्या नव्हेत. पहाटे चारला उठून वीसेक माणसांच्या भाकऱ्या, मग चिपाडं वाळत घालायला बायकांबरोबर, मग म्हशी. पहिल्या दिवशी युनिटचं जेवण यायला उशीर झाला तर त्यांनी कुणाला न विचारता सगळ्यांना रस दिला, मग पोरांसाठी गरम पाकात उसाची कांडकी बुडवून दिली, ती चिकीसारखी कडक होतात, आणि मग भाकरी आणि काकवी. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत, तिथे ही साधी रीत आहे. काकवीत एक मधमाशी पडली होती, आक्कांनी ती करंगळीने अलगद उचलली, कडेला पानावर ठेवली, ती वाळेपर्यंत दोन-तीनदा बघून आल्या. मग मला म्हणाल्या, "कुठल्या गावची गं तू?" म्हटलं आजोळ कागलकडं. "मग आपलीच हायस की. ये हिकडं, बस." आणि चुलीवर चहा ठेवला. मी उगीच विचारलं, साखर नाही घालत? त्या म्हणाल्या, "साखर कशाला? मी गूळच घालतो. दूध मागनं घालायचं, गुळासंगं उकळलं की फुटतंय."

मी गूळच घालतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात बाया असंच बोलतात. मी येतो, मी जातो, मी आलो, मी जेवलो. त्यात पुरुषीपणा वगैरे काही नाही, ते त्यांचं 'मी' आहे. माझी आजी असंच बोलायची, मावश्या अजून बोलतात. आई लग्न होऊन पुण्यात आली, सदाशिव पेठेत दोन खोल्यांत, आणि पहिल्याच आठवड्यात नळावर कुणालातरी म्हणाली की "तुम्ही भरा, मी येतो नंतर". वाड्यातल्या बायका हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पुढे त्यांनीच माझ्या बारशाचं सगळं केलं, पण त्या हसल्या, आणि आई सांगते की तिने त्या दिवसापासून वाक्य तोंडात आलं की आधी शेवट तपासायला सुरुवात केली. वर्षभरात तिचं 'येते, जाते' एकदम सफाईदार झालं. फक्त मावशीचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत ती परत 'तो'वर यायची, आणि आवाजही मोठा व्हायचा, मोकळा, आम्ही भावंडं म्हणायचो आई कोल्हापूरला गेली. माझ्या बाबतीत हे चौथीत झालं. मे महिना अख्खा आजोळी काढून शाळेत आले आणि हजेरीला म्हणाले, "बाई, मी आलो." वर्ग हसला. बाईंनी फक्त "आले म्हणायचं" एवढंच सांगितलं, प्रेमाने. त्यानंतर कधी चुकले नाही. हा लेख लिहितानाही बघा, गेले, आले, म्हणाले, एकही वाक्य तिकडे वळलेलं नाही.

म्हणून आक्कांचं ते वाक्य मी त्याच दिवशी फोनमध्ये लिहून घेतलं. हिंदी स्क्रिप्टमध्ये 'मैं तो गुड़ ही डालती हूँ' अशी लाइन होती, आणि मला वाटलं, बास, हीच, हिला मराठी करायची गरजच नाही, ती इथे चुलीपाशी बसलीय.

पण आता फिल्ममधली बाई कशी झाली ते ऐका. चेहरा मुंबईहून आलेल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीचा, फार गोड बाई, त्यांनी आक्कांकडून पदर खोचायची पद्धत शिकून घेतली. पण गूळ फोडायला बत्त्याचा घाव कुठे मारायचा ते त्यांना जमेना, ढेकूळ उडायचं, म्हणून क्लोजअपमध्ये हात आक्कांचे घेतले. ते हात मी मॉनिटरवर बघितले, नखांच्या कडांना बसलेला काळपटपणा, हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि मनगटाची एक छोटीशी हालचाल की ज्याने गूळ जिथून फुटायला हवा तिथूनच फुटतो. डायरेक्टर हळूच म्हणाला, क्या हाथ हैं. आणि आवाज पुढे अंधेरीत तिसऱ्या बाईचा लागला. तीन बायकांची मिळून एक आजी. जाहिरातीत हे रोजचं आहे, आणि एडिट बघितल्यावर मलाही ती एकच बाई वाटली, शिवण कुठे दिसत नव्हती.

त्या रात्री पॅकअप झाल्यावर आम्ही चार-पाच जण गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. समोर म्हैस उभी, धार काढून ग्लास थेट हातात, कोमट, वर बोटभर फेस. कॅमेरामन बंगाली होता, तो गप्प उभा राहून पीत होता, मग म्हणाला इथे खरंच पोस्टर रंगवायचे का. कुणीतरी त्याला बाबूराव पेंटरांबद्दल सांगितलं होतं, की त्यांनी १९२०च्या दशकात इथे स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतःच्या हाताने रंगवली आणि त्याआधी कॅमेराही स्वतःच जुळवून बनवला. मी त्याला म्हटलं, हो, जाहिरात या गावाला नवी नाही. ज्याचा सिनेमा त्याचाच ब्रश, आणि बघणारेही त्याच गल्लीतले. तो बराच वेळ मान हलवत राहिला. मला मात्र दुधाचा फेस ओठावर तसाच ठेवून आजीची आठवण येत होती, ती असला ग्लास देताना म्हणायची, "पी, मी आणि आणतो."

तर तो डबिंगचा दिवस. मी लाइन लिहून नेली होती, 'घालतो'. आर्टिस्ट लातूरकडच्या, त्यांना आधी विचित्र वाटलं, मग मी समजावलं, त्यांनी दोन टेक दिले आणि गंमत अशी की साउंड इंजिनियर, ज्याला मराठी फारसं कळत नव्हतं, तो खूश झाला. कारण हिंदीतल्या 'हूँ'ला पडद्यावर ओठ गोल होतात, आणि 'घालतो'च्या 'तो'लाही ओठ गोल होतात. तंतोतंत बसत होतं. बारा वर्षांत मी ज्या ओठांशी झटतेय त्यांनी पहिल्यांदा माझी बाजू घेतली होती. मग तो कॉल, तो प्रश्न, आणि माझं ते 'हो हो'. 'घालते' केल्यावर ओठ फाकतात, पडद्यावर गोल दिसतात, म्हणून शेवटी ती लाइन थोडी मागे सरकवावी लागली आणि वर बांगड्यांचा आवाज टाकावा लागला.

मी सांगू शकले असते. तीस सेकंद लागले असते, मॅम, तिकडे बायका असंच बोलतात, आणि ती मुलगी समंजस होती, कदाचित म्हणाली असती वा, मस्त. कुणी अडवलं नव्हतं मला. पण तिने 'टायपो' म्हटल्याबरोबर माझ्या पोटात जे झालं ते चौथीच्या वर्गातलं होतं, हजेरीचं. कान गरम झाले आणि तोंड आपोआप म्हणालं, बरोबर आहे तुमचं. नळावर उभी असलेली माझी चोवीस वर्षांची आई मला त्या क्षणी जितकी कळली तितकी आयुष्यात कधी कळली नव्हती.

गेल्या रविवारी जाहिरात टीव्हीवर लागली. संध्याकाळी आक्कांचा फोन, मागे चरकाचा आवाज, हंगाम अजून चालू होता. "आगं हात माझंच हायत की! बांगड्या बी माझ्याच. समदी गल्ली येऊन बघून गेली." खूप आनंदात होत्या. मग जरा थांबून, "आवाज तेवढा कुणाचा हाय गं?" मी सांगितलं, स्टुडिओत दुसऱ्या बाई असतात, त्यांचा. आणि मग मला राहवेना, मी म्हटलं, आक्का, तुम्ही चहा करताना म्हणाला होता ना, मी गूळच घालतो, मी तसंच लिहिलं होतं, पण शेवटी मीच ते बदलून 'घालते' केलं.

पलीकडे थोडा वेळ नुसता चरक ऐकू येत होता.

"मग बरोबरच केलंस की," आक्का म्हणाल्या. "टीव्हीत शुद्ध बोलाय पायजे. आमचं काय, आमी आपलं कसंबी बोलतोय." मला काही बोलताच येईना. मी नुसतं तसं नाही आक्का, तसं नाही, एवढंच म्हणत राहिले, आणि त्यांना वाटलं मला रेंज नाहीये. "ऐकू येतंय का गं? काकवीची बाटली दिली बघ त्या ड्रायव्हरपाशी, तुज्या आईला पन दे." मग कुणीतरी त्यांना हाक मारली, आणि त्या घाईने म्हणाल्या, "बरं पोरी, मी ठेवतो आता. धारंची येळ झाली."